नाका

खुर्च्या साठ मांडल्या होत्या, माणसं चौदा.
त्यातले दोघे पुढच्या कार्यक्रमाचे, लवकर आलेले,
आणि एक वायरमन, शिडीवर.
गंगेवर कसलीशी आरती चालू होती,
तिचा भोंगा खिडकीतून आत येऊन
पहिल्या रांगेत बसलेला.

एलिशेवा रोहेकर, जन्म देवळालीचा.
एकोणसत्तर साली बापाबरोबर गेली
ती परवा आली, आठ दिवसांसाठी.
तिचं मराठी पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखं,
घडी न मोडलेलं, डांबरगोळीच्या वासाचं.
शेजारी रिहाब.
रिहाब अरबीत बोलायची,
एलिशेवा ते हिब्रूत चघळून
आमच्यापुढे मराठीत ठेवायची.

मी नाशिकरोडच्या छापखान्यात चौतीस वर्षं तपासनीस.
कुठे काही गळालं की हात आपोआप वर जातो.
रिहाब पाच मिनिटं बोलली.
एलिशेवा म्हणाली, "ती म्हणते, पाय दुखतात."
माझा हात वर.
"आणि बाकीचं?"
"बाकीच्याला शब्द नाही माझ्याकडे.
आम्ही गेलो तेव्हा तो लागत नव्हता."

मग हातांनीच दाखवू लागली.
हे गज. हा फिरता दांडा.
इथे रांग, पहाटे तीनपासून. काम पलीकडे.
मधे एक पोरगा, त्याची बंदूक, त्याची जांभई.

"नाका," वायरमन वरून म्हणाला.

नाका. तिनं शब्द जिभेवर ठेवून पाहिला,
मीठ बघावं तसा.
मग सगळं भराभर आलं.
रिहाबचा नवरा फरशीवाला, बावीस वर्षं त्या नाक्यावर.
रिहाब तिथेच चहा विकायची.
एलिशेवा वही घेऊन उभी राहायची, नुसती उभी:
दार किती वाजता उघडलं,
किती परत पाठवले, का, ते लिहीत.
"दोन महिने हिनं मला चहा दिला नाही."
"विकतसुद्धा?"
"विकतसुद्धा नाही. आणि माझ्या भावानं
सणाला बोलावणं सोडलं, ते अजून."

शेवटी तो प्रश्न आलाच. उपयोग काय झाला?
एलिशेवानं भाषांतर केलं. रिहाब हसली.
"एका म्हाताऱ्याला बसायला खोकं मिळालं,"
उत्तर असं आलं. "तेही नंतर काढून नेलं."
आणि मग, कुणी विचारलं नसताना, एलिशेवा म्हणाली,
"माझे आजोबा शनवार तेली. घाणा शनवारी बंद.
हिच्या सासूची जैतुनाची झाडं आहेत.
तोडणीला आम्ही दहा-बारा जण जातो,
आम्ही असलो की दगड कमी येतात.
तुमच्याकडे द्राक्षाला कात्री लावतात ना?
जैतुनाला नाही. पोरीचे केस विंचरावेत
तशी फांदी विंचरायची."
तिची बोटं हवेत विंचरत राहिली.
संयोजकांनी घड्याळ पाहिलं.

चहा घेताना रिहाबनं वायरमनला गाठलं.
तुमच्याकडे कुठे असतो नाका?
तो म्हणाला, कोणता सांगू? मुंबई नाका, जकात नाका,
मजुरांचा नाका…
तिनं शेवटचा धरला.

सकाळी साडेसातला आम्ही तिघी तिथे.
घमेली, थाप्या, रंगाचे ब्रश,
डब्यात बांधलेली भाकरी,
आणि रस्त्याकडे लागलेले दीडशे डोळे.
बंदूक नव्हती. गज नव्हते.
मी मनात पहिली चूक काढलीही:
शब्द एक, गोष्ट वेगळी.
रिहाबनं मात्र रांग शोधली नाही.
सरळ जाऊन त्यांच्यात उभी राहिली,
एक पाय सैल सोडून, वजन दुसऱ्यावर,
ज्याला तासभर उभं राहायचंय तसं.

एक टेम्पो थांबला. मुकादमानं काच खाली केली.
"बायका किती? स्लॅबचं काम आहे."
"आम्ही नुसत्या उभ्या आहोत," एलिशेवा म्हणाली.
तो बघतच राहिला. मग दुसऱ्या चौघींना घेऊन गेला.

ऊन चढलं तशी मी मागे, कडुनिंबाखाली सरकले.
सरूपाबाई म्हणून एक होती, घमेलं उपडं घालून बसलेली.
मला म्हणाली, "तिथं नका उभ्या राहू, बाई.
सावलीतलं माणूस
कुणाला दिसत नाही."